डाव्या हाताने काढलेली केबल

यूएसबी नावाचा प्रकार सुरतेत आला तेव्हा तो कशासाठी आहे हे विकणाऱ्यालाही नीट सांगता येत नव्हतं. नव्व्याण्णव साल होतं. नव्या कॉम्प्युटरच्या पाठीवर दोन चपटी छिद्रं असायची आणि दुकानदार त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "आ भविष्य छे." बहुतेक कॉम्प्युटरांवर त्या भविष्यात धूळ बसलेली असे.

आमच्या ऑफिसात ते एका खोक्यातून आलं. ऑफिस बमरोलीला, मागांच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली माग धडधडत, त्यामुळे वर कपातला चहा कायम थरथरत असे. आमचे शेठ जेकार्डसाठी डिझाइनं करून देत. जेकार्ड हे मागाच्या डोक्यावर बसणारं यंत्र. कोणता धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा हे त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून कळतं. ते पत्ते पाडण्याआधी साडीचा काठ बारीक चौकटींच्या कागदावर, एकेक चौकट भरत, रंगवावा लागे. हे काम करणारा तो ग्राफवाला. आमच्याकडे एके काळी चार ग्राफवाले होते. कॉम्प्युटर आला आणि तीन गेले. राहिले ते आप्पा.

आप्पा धुळ्याकडचे. वीसेक वर्षं माग चालवून मग ग्राफकडे वळलेले. नवागामला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत. माझे वडीलही मागावरच होते आणि दोन्ही घरांत अहिराणीच बोलली जाई. तरीही ऑफिसात मी शाळेतलं मराठी बोलायला लागलो की आप्पा म्हणत, "रेडिओ लागना." मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान आणि ऑफिसातला एकमेव कॉम्प्युटरवाला. म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून प्रोग्राम लिहिण्यापर्यंत सगळं माझ्याकडे.

ग्राफपेपरच्या जागी वापरायचा प्रोग्राम मीच लिहिला होता, लिनक्सवर. ही ऑपरेटिंग सिस्टीम फुकट होती आणि उघडी होती, म्हणजे ती आतून कशी लिहिली आहे हे कोणालाही वाचता येत असे. फुकट होती हे शेठना आवडलं, उघडी होती हे मला. पण प्रोग्राम चालवायचा माउसने, आणि माउस आप्पांच्या हाती येईना. दोन दिवस प्रयत्न करून त्यांनी तो बाजूला सारला. म्हणाले, "साबणनी वडी धरीसन चित्र काढाले सांगी राहिना तू माले."

म्हणून शेठनी बाहेरदेशातून एक पाटी मागवली. साधारण ताटाएवढी, काळी, सोबत बिनशाईचं पेन. पाटीवर पेन फिरवलं की पडद्यावर रेघ उमटते. पाटी ऑफिसात आली त्याच दिवशी शेठनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की काकांना, म्हणजे आप्पांना, ही जमली तर काका राहतील, नाही जमली तर काठ बाहेर कोणाकडून तरी करून घेऊ. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त वाट बघता येत नसे. आप्पांना हे मी सांगायची गरज पडली नाही. तीन रिकाम्या खुर्च्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या, आणि मागावर परत जाण्याइतके गुडघे त्यांच्याकडे उरले नव्हते.

पाटीसोबत आलेली सीडी दुसऱ्याच सिस्टीमची होती. लिनक्सला ही पाटी ओळखता येत नव्हती. ती ओळख करून देणारा ड्रायव्हर कोणीतरी लिहायला हवा होता, आणि ऑफिसात कोणीतरी म्हणजे मीच.

ड्रायव्हर हा सिस्टीमच्या गाभ्यात बसणारा तुकडा असतो. त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटाच मरतो. ड्रायव्हर चुकला तर सगळ्यांना घेऊन मरतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक नव्हतं. लिनक्समधला यूएसबीचा भाग तेव्हा जगभरातली माणसं ईमेलवरून वाद घालत घालत बांधत होती. मी टेलिफोनच्या वायरीवरून त्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिखाण, उतरवून घ्यायचो, आणि तो पूर्ण उतरेपर्यंत तो बदललेला असायचा.

पाटी काय बोलते हेही कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. पेन हललं की तिच्याकडून आकड्यांची एक लहानशी रांग येई. त्यातला आडवा कोणता, उभा कोणता, पेन किती दाबलं आहे ते सांगणारा कोणता, हे ओळखायचं होतं. मी आडवी रेघ काढायचो आणि रांगेतले सगळेच आकडे नाचायचे. तीन दिवस मी पाटी खराब आहे असं म्हणत होतो. चौथ्या दिवशी आप्पा मागे येऊन उभे राहिले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रेघ काढी राहिना का सही करी राहिना?" मग त्यांनी पेन घेतलं आणि डावीकडून उजवीकडे एक रेघ काढली. रांगेतले दोनच आकडे बदलत गेले. बाकीचे जागच्या जागी. मग त्यांनी वरून खाली रेघ काढली. आता दुसरे दोन. माझ्या हाताची थरथर मी तीन दिवस पाटीच्या नावावर खपवत होतो. तासाभरात सगळ्या रांगेचा अर्थ लागला. उपकरणाची माहिती मोजमापाच्या यंत्रांनी काढायची असते असं मी नंतर कुठेतरी वाचलं. आमच्याकडे ते यंत्र खुर्चीवर मांडी घालून बसायचं आणि सुपारी मागायचं.

दीड महिन्यात ड्रायव्हर चालू लागला. आप्पा पाटीवर ग्राफ भरू लागले आणि आठवड्याभरात त्यांचा हात कागदावर चालायचा तसा चालू लागला. मग शेठनी उद्घाटन ठरवलं.

नवरात्रातला शुक्रवार. प्रमुख पाहुणे म्हणून कापड बाजारातले एक वजनदार गृहस्थ आले. वस्तू कोणतीही असो, ती उघडून देण्याचा त्यांना सराव होता. त्याच आठवड्यात त्यांनी एक पाणपोई आणि एक दातांचा दवाखाना उघडून दिला होता. भिंतीवर नव्या शतकाचं स्वागत करणारा कापडी फलक होता. नारळ कॉम्प्युटरजवळच फोडायचा असा आग्रह होता, म्हणून मी कीबोर्डवर प्लॅस्टिकची पिशवी चढवली. कॉम्प्युटरला हार घातला तो नेमका पंख्याच्या जाळीवर आला. तो मी सरकवला तर शेठनी डोळे वटारले. पाहुण्यांच्या भाषणात एकविसावं शतक सहा वेळा आलं आणि माग एकदाही आला नाही, तो खाली चालू असल्यामुळे भाषण अर्धं ऐकू येत नव्हतं तरी.

मग आप्पांना बसवलं. त्यांनी कोयरीचा काठ काढायला घेतला. पंधरा-वीस माणसं खुर्चीभोवती गोळा झाली आणि हळूहळू गप्प झाली. पडद्यावर कोयऱ्या एकामागून एक भरत चालल्या होत्या. त्या दोन-चार मिनिटांत उद्घाटनाची कोणालाच आठवण राहिली नव्हती, आणि तोच त्या समारंभाचा सर्वांत चांगला भाग होता.

पाहुणे पुढे आले. "वाह काका, वाह!" म्हणत त्यांनी हात जोडले. एवढा मोठा माणूस जवळ येतो म्हटल्यावर आप्पा उठले. पण उठण्याआधी त्यांनी डावा हात कॉम्प्युटरच्या मागे नेला आणि पाटीची केबल उपसून काढली. मग उभे राहून त्यांनी पाहुण्यांना नमस्कार केला.

पडदा थिजला. कोयरी अर्धी भरलेली, तशीच. आप्पांनी खाली बसून केबल परत लावली. काही नाही. मी कीबोर्डवरची सगळी बटणं दाबून पाहिली. काही नाही. शेवटी मशीन बंद करावं लागलं आणि पडदा काळा झाला.

"आ शुं थयुं?" पाहुण्यांनी विचारलं.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काकांनी चालू मशीनची केबल काढली."

हे वाक्य अक्षर न् अक्षर खरं होतं. मी आजवर बोललेल्या खोट्यांमध्ये त्याच्याइतकं खरं दुसरं नाही.

आप्पा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "मशीन चालू सोडीसन कोन्ही उठस का, भाऊ?" ते म्हणाले. पण ते अहिराणीत म्हणाले आणि तिथे ती समजणारा मी एकटाच होतो. मी त्याचं भाषांतर केलं नाही. कोणीतरी हसलं. पाहुणे म्हणाले, "काका, आ कंई लूम नथी!" म्हणजे हा काही माग नाही. त्यावर सगळेच हसले. मग काळ्या पडद्यासमोर सर्वांचा फोटो काढण्यात आला.

संध्याकाळी शेठनी निकाल दिला. सोमवारपासून दुसरा माणूस येईल. आप्पांनी वाद घातला नाही. ब्रश, रंगाच्या वाट्या आणि लाकडी पट्टी त्यांनी एका टॉवेलात गुंडाळली आणि ते जिना उतरून गेले. मी तेव्हा कॉम्प्युटरमधून हाराच्या पाकळ्या काढत होतो. तेवढं काम मला पुरत होतं.

शनिवारी मी स्वतःला निर्दोष ठरवायला बसलो. पाटी लावली, रेघ काढली, केबल काढली. मशीन मेलं नाही. पुन्हा केलं. तीसेक वेळा केलं. एकदाही मेलं नाही. म्हणजे माझा ड्रायव्हर ठीक होता आणि आप्पांनीच काहीतरी भलतं केलं असणार. मला बरं वाटायला हवं होतं. पण यूएसबीचं अख्खं वचनच असं होतं की केव्हाही लावा, केव्हाही काढा. आप्पांनी त्याहून वेगळं काही केलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्या वचनाला भुलून मी महिनाभर शेठना भाषणं दिली होती आणि आता ते पाळणाऱ्या माणसाला घरी बसवलं होतं.

रविवारी सकाळी मी आप्पांच्या घरी गेलो. दारात आप्पांच्या पत्नी भांडी घासत होत्या; मी त्यांना मावशी म्हणत असे. मला पाहून त्या म्हणाल्या, "ये रे भाऊ. मशीन बी लई उना का संगे? आठे बी काही बंद पाडनं शे का?"

इथेही काही बंद पाडायचंय का, हा त्यांचा प्रश्न मी चपला काढता काढता ऐकून घेतला. आतून आप्पा म्हणाले, "येऊ दे वं त्याले." मावशींनी मला रस्ता दिला. चहाही दिला, पण त्यात साखर बेताचीच होती.

मी आप्पांना म्हणालो, "त्या दिवशी केबल कशी काढली ते एकदा करून दाखवा."

त्यांना वाटलं मी आणखी पुरावा गोळा करायला आलोय. तरी त्यांनी दाखवलं. खाटेवर पोळपाट ठेवला, उजव्या हातात पळी धरून ती पोळपाटावर टेकवली, आणि उजवा हात न हलवता डावा हात मागे नेला.

"पेन खाली नाही ठेवलं?"

"नही. कसाले ठेवू?"

मग त्यांनी मला मागाची गोष्ट सांगितली, जी मी मागवाल्याचा मुलगा असून कधी विचारली नव्हती. धागा तुटला की त्याचं टोक उजव्या हाताच्या चिमटीत धरायचं आणि डाव्या हाताने हँडल ओढून माग थांबवायचा. आधी टोक सोडलं तर ते हजार धाग्यांत हरवतं. आणि पाठ फिरवायची असेल, पाणी प्यायला असो की मालकाला नमस्कार करायला, तर आधी माग थांबवायचा. चालू मागाकडे पाठ केलेल्या माणसांची बोटं त्यांनी पाहिली होती. म्हणजे नसलेली बोटं.

"उजवा हात कामवर, डावा हात हँडलवर," ते म्हणाले. "हाई तं पहिल्या दिनले शिकाडतस."

मी आणि मी ओळखत असलेला प्रत्येक कॉम्प्युटरवाला केबल काढण्याआधी पेन खाली ठेवत होतो. कोणी शिकवलं नव्हतं. सभ्यपणा म्हणून.

आप्पांना तसंच सायकलवर मागे बसवून मी ऑफिसला नेलं. किल्ली माझ्याकडे असे. खालचे माग त्या दिवशी बंद होते, त्यामुळे सगळं विचित्र शांत. आप्पा खुर्चीवर बसले, उजव्या हाताने पेन टेकवलं, डाव्या हाताने केबल काढली. मशीन पहिल्याच फटक्यात मेलं.

"मेलं!" मी ओरडलो आणि हसायला लागलो.

आप्पा घाबरून उभे राहिले. "आते काय व्हयनं?"

"काही नाही आप्पा. परत करा."

त्यांनी परत केलं. परत मेलं. तीसपैकी एकदाही न मरणारं मशीन त्यांच्या हातून चारपैकी तीन वेळा मेलं. मी कोड उघडला, आणि कुठे बघायचं हे कळल्यावर चूक दिसायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पाटी आपण होऊन बोलत नाही. पेन कुठे आहे, असं तिला सतत विचारत राहावं लागतं. ड्रायव्हर हा प्रश्न आधीच विचारून ठेवतो आणि उत्तर उतरवून घेण्यासाठी मेमरीत थोडी जागा राखतो. पेन बाजूला असेल तर पाटी गप्प बसते आणि प्रश्न नुसता ताटकळत राहतो. पेन टेकलेलं असेल तर उत्तरांची रीघ लागते. केबल निघाली की मी आधी ती जागा मोकळी करून टाकत होतो आणि त्यानंतर प्रश्न रद्द करत होतो. या दोहोंच्या मध्ये एखादं उत्तर वाटेत असलं, तर ते तोवर दुसऱ्या कोणाची झालेली जागा खरडून काढी. आधी प्रश्न रद्द करायचा, तो खरोखर थांबला याची खात्री करायची, मग जागा सोडायची. आधी माग थांबव, मग पाठ फिरव. आप्पांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं, मला शिकवायचं राहून गेलं होतं. दोन ओळींची अदलाबदल केली. आप्पांनी वीस वेळा केबल काढली. मशीन जिवंत.

ती दुरुस्ती मी पुढे यूएसबीवाल्यांच्या ईमेल यादीवर पाठवली. दोष कसा दिसेल ते लिहावं लागतं, म्हणून लिहिलं: पेन पाटीवर टेकलेलं असताना डाव्या हाताने केबल काढा. दोन दिवसांनी कुठल्याशा थंड देशातून एका ओळीचं उत्तर आलं. दोष त्यांच्याकडेही दिसला, आणखी दोन ड्रायव्हरांत तीच चूक सापडली, पण डावाच हात का? त्यांनी उजव्यानेही करून पाहिलं होतं म्हणे. मी मागाबद्दल पानभर लिहिलं आणि पाठवलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी तो ड्रायव्हर सांभाळला. कर्नलची नवी आवृत्ती आली की त्यातली फंक्शनं बदलायची आणि जे काल चालत होतं ते आज नुसतं जुळायचंही नाही. दर वेळी नव्याने जुळवून घ्यायचो आणि दर वेळी पहिली चाचणी तीच करायचो. ड्रायव्हर लिहिण्याचं कौतुक होतं. सांभाळण्याचं होत नाही, कारण नीट सांभाळलं तर कोणाला काही दिसतच नाही. मला ते काम आवडत गेलं. त्याची गोडी कोणी लावली हे मला ठाऊक आहे.

पण ते सगळं नंतर. त्या रविवारी आप्पा घरी गेले तेव्हा टॉवेलातलं सामान घरीच होतं, नोकरी गेलेलीच होती, आणि सोमवार यायचा होता.

सोमवारी नवा माणूस डबा घेऊन वेळेआधी हजर होता. शेठ आले तेव्हा मी दारातच उभा होतो. सांगितलं, "शुक्रवारची चूक माझी होती. ड्रायव्हरमध्ये होती. काकांनी केलं ते बरोबर होतं."

शेठनी चष्म्यावरून बघितलं. "तारी भूल?"

"हो."

"आटला बधानी सामे काकानुं नाम लीधुं, ने भूल तारी?" म्हणजे एवढ्या लोकांसमोर काकांचं नाव घेतलंस आणि चूक तुझी?

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता दोन माणसं बदलली जाणार. मग ते म्हणाले, "तो मने शुं कहे छे? जेनी सामे बोल्यो, एनी सामे बोल. काकाने लई आव." म्हणजे मला काय सांगतोस, ज्यांच्यासमोर बोललास त्यांच्यासमोर बोल.

मी सायकल काढली आणि आप्पांना टॉवेलासकट घेऊन आलो. तोवर शेठनी पत्ते पाडणाऱ्यांना आणि हिशेबनीसालाही वर बोलावून ठेवलं होतं. पाहुणे नव्हते, ते बहुधा काहीतरी उघडायला गेले होते. मी सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. या वेळी आप्पांचं शुक्रवारचं वाक्यही भाषांतर करून सांगितलं, की चालू मशीन सोडून कोणी उठतं का. कोणी हसलं नाही. पत्ते पाडणाऱ्यांतला एकजण जुना मागवाला होता. तो मान डोलावत म्हणाला, "साची वात छे."

आप्पा संकोचले. माफीचा प्रसंग त्यांना उद्घाटनापेक्षाही अवघड गेला असावा. ते बसले, कोयरीचा काठ उघडून मागितला, थोडा भरला, आणि पेन टेकलेलं असतानाच डाव्या हाताने केबल काढली. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. त्यांनी केबल परत लावली आणि जिथे थांबले होते तिथूनच पुढची चौकट भरली.

"काका, बेसो," शेठ म्हणाले. आप्पा बसलेलेच होते. नव्या माणसाला शेठनी खाली पत्त्यांच्या कामावर घेतलं. त्याचा डबा तोवर माझ्याच टेबलावर होता, तो मी त्याला नेऊन दिला.

परत येऊन मी आप्पांच्या खुर्चीमागे उभा राहिलो. काहीतरी बोलावंसं वाटत होतं. सगळ्यांसमोर बोललेलं पुरेसं नव्हतं, वेगळं, आमच्या घरच्या बोलीत. मी जुळवाजुळव करत होतो. आप्पा चौकटी भरत होते. जरा वेळाने मान न वळवता ते म्हणाले, "भाऊ, खिडकीम्हाईन बाजूले व्हय. उजेड अडी राहिना."

मी बाजूला झालो.